हातगुण

गाय अडली, म्हैस अडली, शेळी अडली, की लोक आधी हातवालीच्या दारात यायचे. गुरांचा डॉक्टर होता, चांगला होता, पण लांब होता. हातवाली जवळ होती आणि जेवत्या ताटावरून उठायची. बाही दंडाच्या वर सारायची, कोपरापर्यंत तेल चोळायची, जनावराच्या मानेवर थोपटून 'चल बाई, आपण दोघी मिळून करू' असं काहीसं पुटपुटायची आणि हात आत घालायची. आत पाय कुठे दुमडलाय, मुंडी कुठे वळलीय, हे तिला डोळे मिटून कळायचं. लोक म्हणायचे, बाईला हातगुण आहे. ती म्हणायची, गुणबिण काही नाही हो, घाई करायची नाही, एवढंच मला येतं.

काम आटोपलं की तिला कढत पाणी लागायचं. ते ओतायचं काम सुनेचं. सून लग्न होऊन आली त्या आठवड्यातच शेजारची म्हैस व्याली होती, आणि सासूने नव्या नवरीच्या हातात स्वयंपाकघरातली पळी द्यायच्या आधी पाण्याचा तांब्या दिला होता. रक्ताने माखलेले ते हात बघून सुनेला पहिल्यांदा मळमळलं. मग सवय झाली. मग त्या हातांवर पाणी ओतताना तिला उगीचच मोठं झाल्यासारखं वाटायला लागलं. तिला स्वतःची आई आठवत नव्हती. चुलतीच्या हाताखाली वाढलेली पोर ती. ओरडा न खाता कुणाच्या शेजारी नुसतं उभं राहता येतं, हे तिला या घरात येऊन कळलं. सासूला ती आई म्हणायची, आणि ते तोंडदेखलं नव्हतं.

त्या साली पावसाने तोंडच दाखवलं नाही. विहिरीत सोडलेली बादली तळाला खडखडायला लागली, वैरण मोजून-मापून घालायची वेळ आली. दावणीची जनावरं एकेक करून विकली गेली. सासू प्रत्येकीच्या मागे फाटकापर्यंत जायची आणि परत येऊन तिची रिकामी गव्हाण झाडत बसायची. शेवटी राहिली एकटी कबरी गाय. ती गाभण होती, पहिलारू होती. ती व्याली की दुभतं सुरू होणार आणि दुभतं सुरू झालं की घराला पुन्हा उभारी येणार, या आशेवर सगळे होते. सुनेचा नवरा तोवर दुसऱ्यांच्या गोठ्यांतलं दूध गोळा करून डेअरीला पोहोचवायचा.

सूनही पोटुशी होती. तेही पहिलंच. दोघींचे दिवस मागेपुढेच भरत आले होते, त्यामुळे शेजारच्या बायकांना चेष्टेला आयताच विषय मिळाला. आधी कोण, सून की गाय, यावर पैजा लागल्या. सासू म्हणायची, आधी कुणीही होऊ दे, फक्त एका दिवशी नको गं बायांनो, मला हात दोनच आहेत.

तयारी दोघींची जोरात चालली होती. गोठ्याचा कोपरा झाडून तिथे कोरडं गवत पसरलं गेलं. घरात सासूने ट्रंकेतली जुनी, धुऊन धुऊन मऊ पडलेली कापडं बाहेर काढली. उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवली, फाडून लंगोट केले, दुपटी शिवली. टोपडं शिवताना मात्र गाडी अडली. वासराच्या मुंडीचा अंदाज मला विचार, झोपेत सांगते, म्हणाली, माणसाचं डोकं केवढं असतं कोण जाणे, मला आपला एकच झालाय आणि त्याचं डोकं अजून ठिकाणावर यायचंय. तिचा मुलगा तिथेच बसून दुधाच्या किटल्यांची झाकणं घासत होता. तोही हसला. शेवटी सुनेच्या गुडघ्यावर माप घेऊन टोपडं शिवलं. पिवळ्या रंगाचं.

दवाखान्याची नर्सबाई अधूनमधून स्कूटीवरून यायची. बोलायला फटकळ, पण जीव लावणारी बाई. तिने सुनेला खाटेवर बसवलं आणि कळ कशी चढते, कशी ओसरते, श्वास कसा सोडायचा, कधी जोर करायचा आणि कधी मुळीच करायचा नाही, ते सगळं स्वतः करून दाखवलं. दोन बाया खाटेवर बसून फू फू करतायत हे बघून सासूला हसू आवरेना. आमच्या कबरीलाही शिकवून जा म्हणाली. नर्सबाईने तिला दटावलं. पिशवी भरून दारामागे टांगून ठेवा, टेम्पोवाल्याच्या कानावर आधीच घाला, डाव्या कुशीवर झोप, असं सगळं बजावून झाल्यावर उठता उठता तिने सुनेचा हात धरून तिच्याच पोटावर ठेवला.

"हे बघ. बाळ शेवटपर्यंत हलत राहिलं पाहिजे. हालचाल कमी वाटली की कुणाला विचारत बसायचं नाही. उठायचं आणि यायचं."

सुनेने मान डोलावली. पण हलायचं थांबेल असं तिच्या मनातही आलं नाही, कारण आतलं ते महाद्वाड होतं. रोज सकाळी नवरा अंगणात मोटरसायकलला किटल्या अडकवायचा, झाकणं खणाखण आपटायची, आणि त्या आवाजासरशी आत अशी लाथ बसायची की तिच्या हातातला चहा हिंदकळायचा. बापाची किटली ऐकली की लागलं नाचायला, असं ती म्हणायची. मग नवरा मुद्दाम आणखी एकदा झाकण आपटायचा आणि गाडीला किक मारायचा.

आणि मग ती फजिती झाली. एका सकाळी कडबा तोडता तोडता सुनेच्या कमरेतून कळ निघाली. पाठोपाठ दुसरी आली. नवऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. गोळा करून आणलेलं दूध तसंच अंगणात टाकून तो टेम्पो घेऊन आला, आणि पिशवी, दुपटी, आई, बायको, सगळ्यांना त्याने त्यात भरलं. दवाखान्यात पोहोचेपर्यंत कळा गायब. पलंगावरून खाली उतरवताना तिथली आयाबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, पहिलटकरणींचं असंच असतं, नुसतं पादलं तरी वाटतं बाळच आलं. सगळा वॉर्ड हसला. डॉक्टरीणबाईंनी समजुतीने सांगितलं की अजून अवकाश आहे, एवढं घाबरायचं नाही. पण सुनेला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

घरी आले तोवर उन्हाने दूध फाटलं होतं. ज्यांचं दूध होतं त्यांची बोलणी नवऱ्याने खाली मान घालून खाल्ली. तिला तो एका शब्दाने बोलला नाही. तेच तिला जास्त लागलं. तो परसात वाकून फाटलेलं दूध ओतत होता आणि ती दारात उभी राहून बघत होती. पुन्हा असा तमाशा करायचा नाही, असं तिने तेव्हा मनाशी पक्कं केलं.

पुढच्याच आठवड्यात एका सकाळी किटल्या वाजल्या आणि आत काहीच झालं नाही. चहा पेल्यात होता तसा राहिला. झोपलं असेल, असं म्हणून ती हसली. अजून एकदा वाजवा हो, असं तिने नवऱ्याला सांगितलं. त्याने झाकण आपटलं, तिच्याकडे बघून मान उडवली आणि तो निघून गेला. तिने अंगण झाडलं, शेण भरलं, कबरीपुढे वैरण टाकली. काम करताना आपलं लक्ष नसतं, असं स्वतःला सांगितलं. ऊन डोक्यावर आलं तेव्हा मात्र ती हातातलं काम टाकून पायरीवर बसली आणि पोटावर हात ठेवून नुसती वाट बघत राहिली.

सासू कबरीच्या शेपटीच्या मुळाशी हात लावून ती किती सैल पडलीय ते चाचपत होती. सुनेने जाऊन सांगितलं. सासूने हात धुतले, पुसले, आणि डोळे मिटून तिच्या पोटावर ठेवले. तो हात तसा आला की सुनेला आपोआप बरं वाटायचं. तेव्हाही वाटलं.

"गप्प झालंय," सासू म्हणाली आणि तिचा चेहरा खुलला. "अगं, वेळ आली. वासरू असंच करतं. बाहेर यायच्या आधी उड्या बंद करतं, अंग चोरून बसतं. आता घाई करायची नाही."

तिने खोटं काही सांगितलं नव्हतं. आयुष्यभर तिच्या हाताखाली वासरं अशीच गप्प झाली होती आणि अशीच जिवंत बाहेर आली होती. कबरीचंही थोड्या दिवसांत असंच होईल, बघशील तू, असं ती म्हणाली. सुनेच्या ओठावर नर्सबाईचं बोलणं आलं. ते तिने चाचरत सांगितलंही. सासू म्हणाली, नर्सबाईचं बरोबरच आहे गं, पण ते दिवस भरायच्या आधीचं. आता भरलेत. सुनेला ते पटलं, कारण तिला ते पटवून घ्यायचं होतं. आयाबाईचं बोलणं, फाटलेलं दूध, नवऱ्याची खाली घातलेली मान, सगळं पुन्हा नको होतं. आणि ज्या हाताने इतक्या जिवांना बाहेर आणलं, तो हात आपल्याच पोटावर चुकेल कसा?

संध्याकाळी सासूने तिची कंबर तेलाने चोळली, कढत पाण्याने तिला न्हाऊ घातलं. शेजारणी येऊन बघून गेल्या, सून जिंकली म्हणाल्या, गाय मागे पडली. नवरा परत आल्यावर त्याने विचारलं, टेम्पोवाल्याला सांगू का, सहज दाखवून येऊ. सासू काही बोलायच्या आत सूनच म्हणाली की नको, कळा येऊ देत, उगीच पुन्हा हसं व्हायला नको. खरं सांगायचं तर ती संध्याकाळ त्या घरात किती दिवसांत आली नव्हती इतकी आनंदाची गेली. नवऱ्याने पिवळं टोपडं मुठीवर चढवून त्याच्याकडून बोबडं बोलून घेतलं. सून पोट धरून हसली आणि पोट तेवढं गप्प राहिलं.

दुसऱ्या सकाळीही किटल्या वाजल्या, निघून गेल्या. सून खाटेवरून उठली, मोरीतली एक रिकामी किटली घेऊन आली, पोटाशी धरली आणि झाकण आपटलं. मग पुन्हा आपटलं. डाव्या कुशीवर झाली, उजव्या कुशीवर झाली. कूस बदलली की आतलं ओझं त्या बाजूला कलायचं, पण आपणहून काही हलायचं नाही.  ती भिंतीला धरून गोठ्यापर्यंत गेली आणि म्हणाली, "आई, बघा ना."

सासूने हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग काढला, आपल्या अंगावरच्या कापडाला पुसला, तळव्यावर तळवा चोळून गरम केला आणि दुसऱ्या जागी ठेवला. सून तिच्या चेहऱ्याकडे बघत होती. हा चेहरा तिने आधी एकदा पाहिला होता. शेजारच्या म्हशीच्या पोटातून मेलेलं रेडकू काढायच्या आधी सासू असंच जमिनीकडे बघत राहिली होती.

"पिशवी घे," सासू म्हणाली.

टेम्पोत वैरणीच्या पेंढ्या होत्या, त्यांवरच तिला निजवलं. वाटेत प्रत्येक खड्ड्याला सासू तिच्या पोटाभोवती दोन्ही हात धरून बसली होती.  नवरा डेअरीवरून तसाच परस्पर दवाखान्यात आला.

डॉक्टरीणबाईंनी पोटावर यंत्र फिरवलं. इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं, आवाज मोठा केला. नुसती खरखर येत होती. मागच्या वेळी याच यंत्रातून घोडा दौडावा तसा आवाज आला होता, आणि तेव्हा सुनेला वाटलं होतं की हा सगळ्या वॉर्डाला ऐकू जातोय आणि आपल्यालाच लाज वाटतेय. आता तिने कान टवकारले होते. बाईंनी यंत्र पुसून खाली ठेवलं, स्टूल ओढून तिच्याजवळ बसल्या आणि हात हातात घेतला. त्यांनी काय सांगितलं ते तिला कळलं, पण कळलं असं वाटलं नाही.

"कधीपासून हलत नव्हतं?"

"काल सकाळपासून."

"मग काल का नाही आलात?"

सुनेने तोंड उघडलं. पण तिच्या आधी दाराशी उभी असलेली सासू बोलली. "मी थांबवलं," ती म्हणाली. "मी म्हटलं, वेळ आलीय."

 नाळेचं काय झालं असावं, काल आली असतीस तरी वाचलं असतं की नाही ते आता कुणालाच सांगता येणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी नंतर हळू आवाजात समजावलं. त्यांना धीर द्यायचा होता. पण त्यातलं 'काल' तेवढं सुनेच्या डोक्यात जाऊन बसलं, ते पुढे कितीतरी दिवस निघालं नाही.

आणि एवढं झाल्यावरही बाळंत व्हायचं राहिलंच होतं. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिला वाटलं होतं, आता सगळं संपलं, आता घरी. औषध देऊन कळा आणल्या. त्या खऱ्या कळा होत्या, गायब होणाऱ्या नव्हत्या. कळ चढताना श्वास कसा सोडायचा ते तिला येत होतं, तिने सोडला. जोर कर म्हटलं तेव्हा केला, थांब म्हटलं तेव्हा दात आवळून थांबली. नर्सबाई सुट्टीवर होती ती निरोप मिळताच धावत आली आणि डोक्याशी उभी राहिली. नर्सबाईने शिकवलेलं सगळं, न विसरता, एकेक करून तिने केलं, आणि ते कुणासाठी करतेय हे मनात येऊ दिलं नाही. इतकी शहाणी पहिलटकरीण मी पाहिली नाही, असं ती आयाबाई पुढे कुणाजवळ तरी म्हणाली म्हणतात. त्या दिवशी ती सुनेचा पाय धरून उभी होती आणि तिच्या डोळ्याला डोळा देत नव्हती.

शेवटी खोलीत रडण्याचा आवाज झाला तो त्या आयाबाईचा.

मुलगी होती. सगळी पूर्ण होती, नखांसकट. नर्सबाईने तिला दुपट्यात घेतलं आणि आजीच्या हातात दिलं. मग जे झालं ते सुनेने पलंगावरून पाहिलं. सासूने बाळाला मांडीवर पालथं घेतलं आणि दुपट्याच्या टोकाने ती त्याची पाठ चोळायला लागली. आधी हळू, मग जोरात. उताणं करून नाकातोंडातलं पुसलं. नाकपुड्यांत फुंकर मारली. पुन्हा पालथं, पुन्हा चोळणं. थंड पडलेलं वासरू ती अशीच जागं करायची. अर्धा गाव कुंपणावर चढून बघायचा आणि वासरू फुरफुरलं की टाळ्या वाजवायचा. इथे कुणी काही बोलत नव्हतं. शेवटी नर्सबाईने वाकून तिचे दोन्ही हात धरले.

"आजी, पुरे. राहू द्या आता."

सासूने हात थांबवले. मग पिशवीतून टोपडं काढून तिने बाळाला घातलं. ते बरोबर बसलं.

घरामागच्या कुंपणाशी, जिथे जरा सावली होती, तिथे नवऱ्याने खड्डा खणला. जमीन वाळून दगड झाली होती, पहार उडून परत यायची. सासू मदतीला गेली तर त्याने तिच्या हातातून फावडं काढून घेतलं आणि बाजूला ठेवलं. तेवढंच. त्यानंतर तो आईशी बोलेनासा झाला. भांडला असता, शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं सासूला झालं असेल. तो कामावरून यायचा, जेवायचा आणि किटल्या घासत बसायचा. सकाळी किटल्या गाडीला अडकवताना तो आता झाकणांखाली फडकं घालायचा, वाजू नयेत म्हणून. त्या न वाजणाऱ्या किटल्या ऐकून सून रोज सकाळी उशीत तोंड खुपसून रडायची.

तिला दूध आलं. दोन-तीन दिवसांनी छाती दगडासारखी टणक झाली, ताप चढला, अंगावरची कापडं भिजायला लागली. शरीराला कुणी निरोपच दिला नव्हता. नर्सबाई येऊन सांगून गेली की गार पाण्याची फडकी ठेव, पिळू नकोस, हळूहळू आटेल. गार फडकी सासूच पिळून आणून द्यायची. वासरू मेलेल्या गाईचं दूध आपण कसं आटवतो ते एकदा सासूच्या ओठापर्यंत आलं, सुनेला ते दिसलंही, आणि सासूने ते गिळलं. गाईचं काही सांगायची तिची हिंमत उरली नव्हती. सून फडकं घ्यायची, भिंतीकडे तोंड करायची. दोघींमध्ये शब्द नव्हता. सुनेला तिचा राग यायचा, मग 'नको, हसं होईल' म्हणणारं आपलंच तोंड आठवायचं आणि तो राग कुठे ठेवावा ते कळायचं नाही.

एकदा कुणाची तरी म्हैस अडली म्हणून माणूस धावत आला. सासू उंबऱ्यावर बसली होती. तिने त्याला बसायलाही सांगितलं नाही.

"डॉक्टरकडे जा," ती म्हणाली. "माझा हात गेला."

माणूस गोंधळून घरात बघायला लागला, मग त्याला आठवलं असावं, तो मान खाली घालून निघून गेला. सासूने कोपरापर्यंतचे हात मांडीवर ठेवले होते, दुसऱ्या कुणाची वस्तू सांभाळायला दिल्यासारखे. कबरीच्या गव्हाणीत वैरण टाकायलाही ती जाईनाशी झाली. ते काम नवरा जाता-येता करायचा.

आणि मग एका सकाळी, नवरा दुधावर गेल्यावर, सून परसाकडे जायला म्हणून बाहेर पडली आणि गोठ्यापाशी थबकली. कबरी आडवी पडली होती. मान लांब टाकून धापा टाकत होती, डोळे पांढरे करत होती. मागे एक खूर बाहेर आलं होतं. एकच. दुसरं नव्हतं. सुनेने इतक्या वेळा तांब्या धरून पाहिलं होतं, एकच खूर दिसलं की आत काहीतरी अडलंय, एवढं तिला कळत होतं. किती वेळ चाललं होतं कोण जाणे.

ती खाली बसली, गाईच्या पोटावर हात ठेवला. आत काही हलत नव्हतं. गप्प होतं. तिच्या कानात खरखर सुरू झाली. गप्प झालंय, गप्प झालंय, वासरू असंच करतं. ती हात काढायलाच निघाली होती. आणि तेवढ्यात तळव्याखाली काहीतरी आतून ढकललं. क्षीण होतं, पण होतं.

ती उठली. चालताना अजून टाके ओढायचे, तरी ती पळाली. सासू उंबऱ्यावर पाठ करून बसली होती.

"आई, उठा."

इतक्या दिवसांनी आलेला तो शब्द ऐकून सासू दचकली. सून म्हणाली की कबरी अडलीय, एकच खूर दिसतंय, डॉक्टर येईपर्यंत टिकायची नाही. सासूने दोन्ही हात पोटाशी घेतले आणि मान हलवली. नाही म्हणाली. या हाताला आता काही सांगू नकोस, तो मेलेल्याला जिवंत समजतो, असं म्हणाली.

"मी हात लावून आलेय," सून म्हणाली. "हलतंय अजून. हलतंय तोवर उठा."

त्यात विनवणी नव्हती. राग होता, आणि तो आता अगदी नीट, जिथे ठेवायचा तिथे ठेवलेला होता. सासू उठली.

तिने बाही सारली, तेल चोळलं. तेलाची बाटली सुनेनेच धरली. गाईच्या मानेवर थोपटून नेहमीचं ते पुटपुटणं मात्र तिला जमलं नाही. ती गवतावर पालथी पडली, गाल कबरीच्या मांडीला टेकला, आणि हात आत गेला. डोळे मिटले. सून तिच्या चेहऱ्याकडे बघत होती, बघायचं नव्हतं तरी. पाय गुडघ्यात मुडपलाय, सासू म्हणाली, मुंडी सरळ आहे. मग ती आत काहीतरी ढकलत राहिली, श्वास रोखत राहिली. कबरी हंबरली. दुसरं खूर बाहेर आलं. दोघींनी दोन खुरं धरली, कळ आली की ओढलं, कळ गेली की थांबल्या. सूनच तिला सांगत होती, थांबा, आता नाही, आता ओढा. ते तिला येत होतं.

वासरू सुळकन बाहेर आलं आणि गवतावर पडून राहिलं. हललं नाही. सासू त्याच्याकडे बघत नुसती बसली.

"चोळा ना," सून म्हणाली. "चोळा."

सासूने गवताचा बोळा उचलला. पाठ चोळली. आधी हळू, मग जोरात. नाकातोंडातलं पुसलं. नाकपुडीत फुंकर मारली. पुन्हा चोळलं. सगळं तसंच, तेच हात, तीच घाई. सुनेला तिथून पळून जावंसं वाटलं. ती खुंट्याला धरून उभी राहिली. मग वासराने एकदम फुरफुर केलं, कान झाडला, आणि बें म्हणून बारीक ओरडलं.

कबरीने मान वळवली, धडपडत उठली आणि वासराला चाटायला लागली. त्या ओरडण्यासरशी सुनेची छाती भरून आली होती, आटत आलेलं दूध पुन्हा फुटलं होतं आणि अंगातलं कापड भिजून पोटापर्यंत ओघळ आले होते. तिने ते लपवलं नाही. सासू गवतात तशीच बसली होती, माखलेले हात पुढे धरून, आणि लहान मुलासारखी हुंदके देत होती. एवढे दिवस ती रडली नव्हती.

सून तिच्यासमोर उभी राहिली.

"माझं वासरू नव्हतं, आई," ती म्हणाली.

"नव्हतं गं," सासू म्हणाली. "माझ्या हाताला फरकच कळला नाही."

 सून असू द्या म्हणाली नाही, तुमचा दोष नाही म्हणाली नाही. तसं म्हणता आलं असतं तर तिचं तिलाही बरं वाटलं असतं, पण ते खोटं झालं असतं. ती घरात गेली. चूल पेटवून पाणी ठेवलं, चांगलं कढत होऊ दिलं, हाताने बघून त्यात जरा गार मिसळलं. बादली आणि तांब्या घेऊन ती गोठ्यात परत आली तेव्हा सासू त्याच जागी होती आणि हातांवरचं रक्त वाळत आलं होतं.

"पुढे करा," सून म्हणाली.

सासूने हात पुढे केले. सुनेने कोपरापासून खाली पाणी सोडलं. सासू चोळत राहिली, पाणी लाल होऊन गवतात मुरत राहिलं, आणि मागे कबरी वासराला चाटत होती. नखांत रक्त राहिलं होतं. तांब्या रिकामा झाला तसा सुनेने बादलीतून दुसरा भरून घेतला.